टाकी भरेपर्यंत

आमच्या घरात फ्रीज यायच्या आधी कंप्रेसर आला. बाईच्या जातीला मशीनमधलं काय कळतं, असं लोक म्हणोत. पण ते मशीन नीट चाललंय का रडतंय, हे मी कणीक मळता मळता सांगत असे.

लातूरला आमचं सायकलचं दुकान पुढं आणि घर मागं. मधे एकच दार आणि त्याला पडदा. दुकानात अप्पा. अप्पा म्हणजे आमचे मालक. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, मग लेकरं म्हणू लागली, आणि आता लिहिताना मीही तेच लिहिते. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय आम्हाला कुठं आहे!

आधी ते पायपंपानं हवा भरायचे. गुडघा बोलू लागला तेव्हा हे मशीन आणलं. लहानसंच. आडवी टाकी, खाली दोन चाकं, वर मोटर आणि समोर घड्याळासारखा काटा. मोठ्या पंक्चरवाल्यांकडं असतं तसलं नव्हे. दोन-तीन गाड्यांत हवा भरली की टाकी रिकामी. मग काटा पुन्हा वर चढेपर्यंत थांबायचं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की अप्पांचं ठरलेलं, "बसा की जरा. हवाच हाय, कुठं पळून जाती?"

आणि लोक बसायचे. एक बाकडं होतं, एक उलटा डबा होता, ते भरले की टायरींच्या ढिगावर बसायचे. मशीन भडभड करायला लागलं की कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून सगळे ओरडून बोलायचे. आणि टाकी भरली की मशीन एकदम गप्प व्हायचं. माणसाला एवढ्या लवकर गप्प होता येत नाही ना! त्यामुळं पुढचं वाक्य ओरडूनच बाहेर पडायचं. एकदा गल्लीतले एक सावकार जवळ वाकून अप्पांना घरचं गुपित सांगत होते, आणि मशीन बंद झालं.

"अन् पोरगी म्हणती करीन तर त्याच्याशीच करीन!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. पडद्यामागं मी पदर तोंडात कोंबला. पुढं त्या पोरीचं त्याच्याशीच झालं, चांगलं चाललंय तिचं. सांगायचं एवढंच, की मी उंबऱ्याबाहेर फारशी गेले नाही, तरी लातूर माझ्या स्वयंपाकघरात येत होतं. अप्पांचं तर सगळं जगच त्या बाकड्यावर बसायला येई.

मग वय झालं. अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, माझे गुडघे गेले, सायकली कमी झाल्या. मुलगा नांदेडला नोकरीला. तो म्हणाला, आता दोघंच तिथं राहून काय करता? त्याचंही खरंच होतं. घर विकलं. सामान बांधताना अप्पांनी सगळं सोडलं, पाने, चिमटे, रिमा, बाकडंसुद्धा. मशीनवर मात्र हात ठेवून उभे राहिले.

मुलगा म्हणाला, "अप्पा, तिकडं दुकान न्हाई. हवा कुणाला भरताव?"

"नांदेडात गाड्या हवेबिगर चालतेत व्हय?"

आलं मशीन नांदेडला. टेम्पोत त्याच्यावर कपाट कललं आणि हवा आत ओढायच्या तोंडावर एक काळी डबी असते, आत स्पंजवाली, ती फुटली. तेवढ्यानं काही होत नाही, असं आम्हाला वाटलं.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. चांगला आहे, उजेड आहे, गच्चीवरून सकाळी गोदावरीच्या अंगाचं धुकं दिसतं. सून पायाला तेल लावून देते, आणखी काय पाहिजे? पण तिथं माणूस दिसत नाही. समोरासमोर दारं, आणि दारं बंद. बेल वाजली की पार्सलवाला. पहिले काही महिने अप्पा दारापाशी खुर्ची टाकून बसत. पार्सलवाल्यालाच विचारत, "गाव कोणतं?" तो बिचारा सही घेऊन पळे.

एक दिवस दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर मास्तरांच्या स्कूटरचं चाक पार्किंगमधे खाली बसलं. अप्पांनी ते पाहिलं, लिफ्टमधून मशीन खाली नेलं, वॉचमनच्या बोर्डात वायर खुपसली आणि चालू केलं. मास्तर उभे होते. अप्पा म्हणाले, "बसा की जरा." मास्तर वॉचमनच्या स्टुलावर बसले. झालं. पुढच्या रविवारी चार गाड्या आल्या. शेजारच्या बिल्डिंगमधले सरदारजी बुलेट घेऊन यायला लागले. त्यांच्या चाकात हवा कमी असो वा नसो, ते येत. सोसायटीचे चेअरमन एकदा आवाजाची तक्रार करायला खाली उतरले आणि अर्धा तास बसून आपल्या व्याह्यांचीच तक्रार करून वर गेले. अप्पा दुपारी जेवायला वर यायचे तेव्हा आवाज बसलेला असायचा. मला बरं वाटायचं. लातूर नव्हतं ते, पण लातूरची बोटभर चव होती.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा. अप्पा आंघोळ करून, लिंगपूजा उरकून मशीनपुढं बसायचे. टाकीला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, मधे कुंकू, वर झेंडूचं फूल. आणि शेवटी त्याच कुंकवाच्या बोटांनी चिमूटभर विभूती मशीनच्या तोंडाशी, घास भरवावा तशी. "वर्सभर ह्येनं आपल्याला खाऊ घातलं, एक घास तर त्येचा हाय," असं म्हणायचे. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. दसऱ्याला सकाळी पहिल्यांदा सुरू करायचं. लातूरला इतकी वर्षं हे चाललं, कारण तो घास काळ्या डबीवर पडत होता. यंदा डबीच नव्हती.

दसऱ्याला सकाळी सरदारजी नव्या कपड्यांत बुलेट घेऊन हजर. अप्पांनी बटण दाबलं. मशीन खोकलं, शिंकलं आणि चालू झालं. चाललं, चाललं, चालतच राहिलं. काटा अर्ध्यावर जाऊन थांबला तो पुढं सरकेना. मी तिसऱ्या मजल्यावरून ऐकत होते, मला आधीच कळलं.

सरदारजी म्हणाले, "क्या अप्पाजी, इसका नवरात्र का उपास चल रहा क्या?"

"आज दसरा हाय, सुटंल की," अप्पा म्हणाले. पण उपास काही सुटला नाही.

नांदेडच्या एका दुकानात मुलानं नेऊन दाखवलं. दुकानदारानं वाकूनही पाहिलं नाही. म्हणे, ह्याचे पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या. मुलगा भला आहे माझा, बापाची तगमग त्याला दिसत होती. त्यानं मोबाईलवरून एक पंप मागवला. पिस्तुलासारखा, हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा. चाकाला लावायचा, आकडा सांगायचा, तेवढी हवा भरली की आपोआप बंद. आवाज म्हणाल तर पाळण्यातलं लेकरू उठणार नाही.

"घ्या अप्पा, आता खाली जायचं पण काम न्हाई!" मुलगा हौसेनं म्हणाला.

आणि खरंच, खाली जायचं काम राहिलं नाही. बेल वाजायची. "काकू, तो पंप द्या ना जरा." मी द्यायची. पाच मिनिटांनी परत बेल. "थँक यू काकू." दार बंद.

आतून खुर्चीतून अप्पा विचारायचे, "कोण होतं?"

"पाचव्या मजल्यावरचा पोरगा."

"काय म्हणला?"

"थँक यू म्हणला."

"आणिक?"

"आणिक काय म्हणंल? न्हाई म्हणला काही."

रोज विचारायचे ते. पुढं पुढं विचारायचंही सोडलं. मास्तर एकदा वर येऊन गेले, पण सोफ्यावर बसून दोन माणसं काय बोलणार? चहा झाला, बिस्किटं झाली, मास्तर उठले. पार्किंगमधे हेच मास्तर दोन-दोन तास हलत नव्हते. माणसाला बसायला काहीतरी निमित्त लागतं हो. "तुमच्याशी बोलायला आलो" असं कुणी म्हणत नाही. "हवा भरायची होती," असंच म्हणतात.

दिवाळी गेली. अप्पा दिवसाचे झोपू लागले. एका सकाळी मी सुनेला म्हणाले, "आम्ही लातूरला जाऊन येतो. मशीन घेऊन."

मुलगा हसला. "आई, नांदेडात दुरुस्त होईना ते तिथं कसं होईल? तिथली हवा काय वेगळी हाय का?"

"हाय," मी म्हणाले. काय सांगू त्याला?

त्यानं स्टँडपर्यंत सोडलं, मशीन स्वतः उचलून एसटीत चढवलं. कंडक्टर आला. "आज्जी, ह्याच्यात काय हाय?"

"हवा," अप्पा म्हणाले.

"हवेला तिकीट न्हाई, पण लोखंडाला लागतंय."

बाई म्हणून माझं अर्धं तिकीट, वयामुळं अप्पांना फुकट, आणि मशीनला मात्र भरायला लागलं. कंडक्टर म्हणाला, "बघा अप्पा, सरकारच्या लेखी तुमच्यापेक्षा ह्येची किंमत जास्त हाय." सगळी गाडी हसली. अप्पाही हसले. किती दिवसांनी! लोहा गेलं, अहमदपूर गेलं, शेतात तुरी पिवळ्या झालेल्या, आणि अप्पा खिडकीतून बोट करून मला सांगत होते, ह्या वळणावर कुणाची गाडी पंक्चर झाली होती, त्या धाब्यावर कोण भेटलं होतं. मला सगळं पाठ होतं. तरी मी "हो का?" म्हणत होते.

लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात मिस्त्रींचं दुकान. अप्पांच्या वयाचे, अप्पांचे जुने दोस्त. मशीन बिघडलं की तेच बघायचे. आम्हाला बघितलं आणि हातातला पाना टाकून उठले.

"अरे अप्पा! या या. भाभी, सलाम. आमाला वाटलं नांदेडच्या बड्या लोकांनी ठेवून घेतलं तुमाला."

"ठेवूनच घेतलंय," अप्पा म्हणाले. "हे बिघडलं म्हणून पॅरोलवर सुटलो."

मिस्त्रींनी मशीनचं डोकं खोललं. आत पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या उघडझाप करतात तेव्हा हवा टाकीत कोंडली जाते. त्या पट्ट्यांवर राखाडी खळ बसली होती, आणि कडेला लाल. मिस्त्रींनी बोटावर घेतलं, नाकाशी नेलं, आणि अप्पांकडं बघत राहिले.

"अप्पा, ये तुमचा अंगारा हाय."

"विभूती."

"देवाच्या कपाळाला लावतेत ना? तुमी तर पोटात घातली! बिचाऱ्या मशीनला संन्यास दिला की!"

बोळातली चार माणसं जमली होती, ती हसून हसून बेजार. अप्पा पण लाजल्यासारखं हसले. मिस्त्री म्हणाले, पट्ट्या धुतो, रिंग झिजली ती बदलतो, नवी डबी बसवतो, दुपार होईल. अप्पा म्हणाले, होऊ दे. सांगताना त्यांनी तिथल्या एका उलट्या डब्यावर बैठक पण मारली होती.

मग सुरू झालं. येणारा-जाणारा थांबायचा. "अप्पा, कवा आलाव?" "अप्पा, मुक्काम हाय ना?" "अप्पा, वाळलाव की ओ, सूनबाई जेवू घालत न्हाई काय?" अप्पांचा आवाज चढत गेला. मी कडेला बसून बघत होते. ह्या आवाजाच्या माणसाशी मी संसार केला, आणि नांदेडला माझ्या घरात कुणी दुसराच खुर्चीत बसलेला असतो, असं मला वाटून गेलं.

मला तिथं बसवेना. मी आमच्या गल्लीकडं गेले. जायला नको होतं, पण पाय गेले. आमच्या दुकानाच्या जागी आता क्लासच्या पोरींची मेस आहे. जिथं टायरींचा ढीग असायचा तिथं लांब टेबल, पोरी पुस्तक उघडं ठेवून वरणभात खात होत्या. मधलं दार काढून टाकलंय. रस्त्यावरून सरळ माझं स्वयंपाकघर दिसत होतं. एक बाई परातीत कणीक मळत होती, माझ्याच ओट्यापाशी, पण तोंड दुसऱ्या अंगाला करून. मला सांगावंसं वाटलं, बाई, तिकडं तोंड केलंस तर डोळ्यांत ऊन येतं, इकडून उभी राहा.

मालकीण बाहेर आली. "कोण पायजे आजी?"

"हवा भरायची होती," असं निघून गेलं तोंडातून.

ती म्हणाली, "हितं हवा न्हाई भरत आजी, मेस हाय. पुढं पेट्रोल पंपावर भरतेत." आणि वर म्हणाली, "बसा, पाणी पिऊन जा."

पाणी प्याले. पाणी मात्र आमच्याच नळाचं, तीच खारट चव. उठले आणि परत आले.

मशीन तयार होतं. मिस्त्रींनी बटण दाबलं, काटा सरसर चढला, टोकाला जाऊन मशीन गप्प झालं. मिस्त्री अप्पांना म्हणाले, "चांगलं झालं. आता असं करा, हे हितंच ठेवा. अन् तुमी बी अधूनमधून येत जा. हितं लोक तरी हायत."

थट्टाच होती. पण अप्पा हसले नाहीत. त्यांनी मशीनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "खरंच ठेवावं का गं? तिकडं नेऊन कुणाला भरू? सगळ्यांला त्यो पंप गावलाय. हितं ह्येच्याभवती निदान माणसं तरी बसतील."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. मला वाटत होतं, मशीन बरं झालं की माणूस बरं होईल. त्यांना आधीच माहीत होतं की खाली कुणी येणार नाही. आणि राहायचं म्हटलं तरी लातूरला आता आमचं काय होतं? मी घर बघून आले होते.

"न्यायचं," मी म्हणाले. "माझ्यासाठी न्या. घरात आवाज न्हाई तर मला करमंना." आवाज तर तिसऱ्या मजल्यावर जेमतेम येतो, पण त्यांनी मिस्त्रींना मशीन उचलायला हात लावायला सांगितलं.

नांदेडला आले, हातपाय धुतले, आणि तो बॅटरीचा पंप उचलून जुन्या वाकळीत गुंडाळून दिवाणाच्या तळाशी घातला. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बेल वाजली. "काकू, पंप?"

"बिघडलाय बाबा. खाली अप्पा हायत, मोठं मशीन दुरुस्त होऊन आलंय. तिथं भर."

खरं सांगते, पहिले दोघं-तिघं "राहू द्या, पेट्रोल पंपावर भरतो" म्हणून निघून गेले. अप्पा पार्किंगमधे स्टुलावर एकटे. मशीन भरलेलं, काटा टोकाला, आणि समोर कुणी नाही. एकदा मी गॅलरीतून बघितलं तर त्यांनी नळी उघडून हवा नुसती सोडून दिली, आणि पुन्हा भरायला लावली. मी आत येऊन देवापुढं बसले, पण हात काही जोडले नाहीत. मागायचं काय? माणसं? देवाकडं गिऱ्हाईकं मागितल्यासारखं वाटलं मला.

मुलानं एकदा विचारलं, "आई, तो पंप कुठं गेला?"

"असंल की कुठंतरी."

त्यानं माझ्याकडं बघितलं, दिवाणाकडं बघितलं. "असू दे," म्हणाला, आणि ऑफिसला जाताना स्वतःची गाडी अप्पांपुढं उभी केली. "अप्पा, मागच्या चाकात कमी वाटतीय." त्याच्या मागच्या चाकात काहीही कमी नव्हतं. त्या दिवशी तो उशिरा पोहोचला असणार.

रविवारी मी कोथिंबिरीच्या निमित्तानं खाली उतरले. पाचव्या मजल्यावरचा पोरगा, तोच थँक यूवाला, कानात वायरी घालून गाडी घेऊन उभा होता. पेट्रोल पंपावर रांग होती म्हणे. टाकी नुकतीच रिकामी झाली होती.

"किती वेळ लागेल काका?"

"बस की जरा."

तो उभाच राहिला, मोबाईल बघत. अप्पा काट्याकडं बघत. मशीन भडभडत होतं. मग अप्पांनीच ओरडून विचारलं, "गाव कोणतं?"

पोरानं कानातली एक वायर काढली. "शिरूर अनंतपाळ."

"मंग तुझ्या आज्यानं लातूरला सायकलीत माझ्याकडंच हवा भरली असंल!"

"आमचे आजोबा सायकल चालवायचे न्हाईत काका. पडायचे."

"मंग तर नक्की माझ्याकडंच आले असतील. पडणारे सगळे माझ्याचकडं यायचे!"

पोरगा हसला. दुसरी वायर पण काढली आणि स्टूल ओढून बसला. कसे पडायचे ते सांगू लागला, विहिरीच्या कडेला, एकदा लग्नाच्या वरातीत. टाकी भरली. अप्पांनी चाकात हवा भरली. चाक भरून झालं, टोपण लागलं, तरी तो आज्याचंच सांगत होता. मी कोथिंबीर घेऊन लिफ्टपाशी थांबले आणि म्हणाले, "ताट वाढते हो, या वर."

अप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. नुसता हात हलवला. तू जेव, म्हणून.

मी वर आले. त्यांचं ताट झाकून ठेवलं, आणि जेवायला बसले.